गळालेली दोन अक्षरं

ज्या साली औरंगाबादेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं त्याच साली, म्हणजे १९५६ मध्ये, फिनलंडमधले बालरोगतज्ज्ञ नीलो हालमन यांनी सहकाऱ्यांबरोबर एक शोधनिबंध छापला. दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. इकडे मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील होत होता आणि आजारपणात डॉक्टर मिळाला तरी पुष्कळ, अशी स्थिती होती. पुढे पाणचक्कीजवळ वाढत गेलेल्या या महाविद्यालयाच्या रुग्णालयाला लोकांनी ‘घाटी’ म्हटलं. शहराचं छत्रपती संभाजीनगर झालं, तरी जालना-बीडहून आलेला माणूस रिक्षावाल्याला अजून ‘घाटी’च सांगतो. तिकडे हालमन लिहीत होते ते तान्ह्या बाळांच्या एका चमत्कारिक आजाराविषयी.

बाळ बहुधा दिवस भरण्याआधीच जन्मायचं. वार अवाढव्य, बाळाच्या वजनाच्या चौथ्या हिश्शाहूनही जड. मग काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, पापण्यांवर, पायांवर, पोटावर सूज चढायची. लघवीवाटे प्रथिनं इतकी वाहून जायची, की रक्तात पाणी धरून ठेवायला काही उरतच नसे. त्यात जंतुसंसर्ग, त्यात रक्ताच्या गुठळ्या. उपाय काहीच नव्हता, बाळ जायचं. आईबाप मात्र धडधाकट. आणि एखाद-दोन वर्षांनी त्याच घरात दुसरं बाळ तसंच.

लघवीतून प्रथिनं जातात हे ओळखायला मोठी यंत्रं कधीच लागली नाहीत. लंडनच्या गाइज रुग्णालयातले रिचर्ड ब्राइट सुजलेल्या रोग्याची लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर तापवत. ती साकळली की दोष मूत्रपिंडात आहे असं समजत. त्यांचं या विषयावरचं पुस्तक १८२७चं. एमबीबीएसची मुलं आजही जवळपास तीच परीक्षा शिकतात. परीक्षानळीत लघवी घ्यायची, तिचा फक्त वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा, पांढरट गढूळपणा आला की अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे थेंब सोडायचे. गढूळपणा विरला तर फॉस्फेट, टिकला तर प्रथिन. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाऊन अंगावर सूज चढण्याचा आजार, झालेल्या मुलाची आई घरी हेच काम कागदी पट्टीवर करते. सकाळची पहिली लघवी, तीत पट्टी बुडवायची, पिवळ्याचा हिरवा कितपत झाला ते डबीवरच्या रंगांशी ताडायचं आणि वहीत लिहायचं: ‘निल’, ‘एक प्लस’, ‘तीन प्लस’. शेजारच्या रकान्यात स्टेरॉइडच्या गोळ्या. जेमतेम चौथी-पाचवी शिकलेल्या बायकांच्या या वह्या कित्येकदा रुग्णालयाच्या केसपेपरपेक्षा नीट असतात, असं मी बेधडक म्हणेन.

प्रथिनं जातात हे ब्राइट यांनी दाखवलं. ती नेमकी कुठून निसटतात, यावर पुढचं दीड शतक गेलं.

आपली दोन मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं बहुतेक परत शोषून घेतात. हे गाळणं केशवाहिन्यांच्या गुच्छांत चालतं. एका मूत्रपिंडात असे दहा लाखांच्या आसपास गुच्छ. केशवाहिनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतून भोकं असलेल्या चपट्या पेशी, मध्ये एक सलग पातळ पटल आणि बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी. या पोडोसाइटला असंख्य बारीक पाय फुटलेले असतात, शेजारणीच्या पायांत पाय अडकवून त्या बसलेल्या असतात. दोन पायांमध्ये जी फट राहते तीवर एक अतिशय तलम पडदा. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन एवढ्या बंदोबस्तातून सहसा बाहेर पडत नाही.

यातली खरी गाळणी कोणती? अमेरिकेत मेरिलिन फार्कर यांनी १९५७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं, की नेफ्रोसिसच्या, म्हणजे लघवीतून प्रथिनं जाण्याच्या आजाराच्या, रोग्यांत पोडोसाइटचे पाय सपाट होऊन जातात. पण पुढे त्यांनीच जॉर्ज पॅलेड यांच्याबरोबर प्राण्यांच्या रक्तात फेरिटिन या प्रथिनाचे कण सोडून पाहिले. कण मधल्या पटलाशीच अडकले. म्हणजे गाळणी तीच, असा निष्कर्ष १९६१ मध्ये निघाला. हार्वर्डच्या मॉरिस कार्नोव्स्की यांना तो पटला नाही. त्यांनी आकाराने लहान प्रथिनं सोडली. ती पटल ओलांडून थेट फटीवरच्या पडद्यापाशी जाऊन थांबली. १९७४ मध्ये कार्नोव्स्की आणि रिचर्ड रोडवॉल्ड यांनी त्या पडद्याची रचना दाखवली. मधोमध एक धागा, दोन्ही बाजूंच्या पायांकडून त्याला येऊन मिळणारे आडवे दांडे, बॅगेची चेन लावल्यावर दिसतात तसे, आणि त्यांच्या मधली भोकं अल्ब्युमिनच्या रेणूएवढी.

दोन्ही पक्षांकडे देखणी छायाचित्रं होती. वाद मात्र हटत नव्हता, कारण तो पडदा कशाचा बनलाय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तुकडा कापून पाहावा तर तो हाती येईल एवढा मोठा नाही. तो धागा शेवटी सापडला चर्चच्या वह्यांतून.

फिनलंड १८०९ पर्यंत स्वीडनच्या ताब्यात होता. १६८६च्या स्वीडिश चर्च कायद्याने प्रत्येक पाद्र्यावर आपल्या हद्दीतल्या माणसांची नोंद ठेवण्याची सक्ती केली. जन्म, लग्न, मृत्यू, कुठून आला, कुठे गेला, धर्मपुस्तक वाचता येतं की नाही, सगळं. रेइयो नोरिओ या तरुण डॉक्टरने या वह्या उघडल्या. ज्यांच्या घरी सुजलेली बाळं जन्मून गेली अशी ५७ कुटुंबं त्याने घेतली आणि आईबापांपासून मागे आजोबा-पणजोबा असं करत गावोगावच्या दप्तरांत शोधत गेला. १९६६ मध्ये त्याचा प्रबंध आला. भावंडांत आजाराचं प्रमाण चारांत एकाच्या नियमाला धरून होतं. म्हणजे सदोष जनुक आईकडूनही येत होतं आणि बापाकडूनही. त्याहून बोलकी गोष्ट अशी, की ज्या नवरा-बायकोंना आपण एकमेकांचे कुणी लागतो याची कल्पनाही नव्हती, त्यांचे धागे कितीतरी पिढ्या मागे एकाच घरात जाऊन मिळत होते.

फिनलंडची वस्ती थोड्या कुटुंबांतून वाढलेली. सोळाव्या शतकात स्वीडिश राजाने उत्तर-पूर्वेच्या जंगलांत माणसं वसवली, ती तिथेच विस्तारली. मूळच्या मूठभरांपैकी एखाद्यात असलेला दोष वंशजांत पसरत गेला आणि अशा दोन वंशजांचं लग्न झालं की वर आला. नोरिओ यांनी नेवानलिना आणि पेरहेन्तुपा या सहकाऱ्यांबरोबर १९७३ मध्ये अशा आजारांची मोट बांधली. आज त्या यादीत तीसहून अधिक आजार आहेत. सुजलेल्या बाळांचा आजार त्यात ठळक: फिनलंडमध्ये सुमारे आठ हजार जन्मांमागे एक.

हे वाचताना मराठी माणसाला नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळी आठवल्याशिवाय राहत नाहीत. कोण कुठल्या गावचा, कुणाचा नातू, कधी कुणाच्या अस्थी घेऊन आला, याच्या पिढ्यानपिढ्यांच्या नोंदी तिथे आहेत. फरक एवढाच, की पाद्र्याच्या वहीत हद्दीतली झाडून सगळी बाळं येतात. आपल्या नामावळीत घराण्याचे पुरुष येतात आणि चार महिन्यांत गेलेलं लेकरू येत नाही. नोरिओला जे हवं होतं तेच नेमकं आपल्याकडे लिहिलं गेलं नाही.

नात्यातल्या लग्नांचा विचार मात्र इथे झाला होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बसून इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये भारतातल्या नातेव्यवस्थेवरचा आपला इंग्रजी ग्रंथ लिहिला. उत्तरेत नात्यात लग्न नको आणि दक्षिणेत ते हवंच, या दोन टोकांच्या मध्ये महाराष्ट्र कसा पडतो, मामाची मुलगी चालते आणि आत्याची का चालत नाही, हे त्यांनी मांडलं. मुंबईत ल. द. संघवी यांनी १९५६ मध्ये बारा जातिगटांतल्या नात्यातल्या लग्नांची मोजदाद सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली आणि १९६६ मध्ये, नोरिओच्या प्रबंधाच्याच वर्षी, साऱ्या भारताचा आढावा घेतला. मराठवाड्यात मामेबहिणीशी सोयरीक ही रोजची गोष्ट. तेलंगण-कर्नाटकाच्या सीमेकडे काही समाजांत मामा-भाचीचंही लग्न होतं, मुसलमान घरांत चुलत भावंडांचं. कर्वे आणि संघवी यांचं काम मानववंशशास्त्राच्या कपाटात राहिलं, बालरोग विभागातल्या नोंदी वेगळ्या कपाटात.

तोवर जीवशास्त्राच्या भलत्याच कोपऱ्यात एक प्रश्न सुटत आला होता: पेशी एकमेकींना धरून कशा राहतात? १९०७ मध्ये अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एच. व्ही. विल्सन यांनी समुद्रातला जिवंत स्पंज रेशमी कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पाण्यात तरंगल्या, हळूहळू एकमेकींकडे सरकल्या आणि त्यांचा पुन्हा स्पंज झाला. पेशी आपल्या जातीची पेशी ओळखते आणि धरते. कशाने? १९७०च्या दशकात जेराल्ड एडलमन यांनी चेतापेशींवरचं असं धरून ठेवणारं एक प्रथिन वेगळं केलं. माळेसारख्या त्या प्रथिनाचे बरेच मणी प्रतिपिंडांच्या घडणीचे निघाले. जपानात मासातोशी ताकेइची यांना कॅल्शियमच्या जोरावर पेशी जोडणारी कॅडहेरिनं सापडली. मूत्रपिंडाचं नावही या गोष्टीत अजून आलं नव्हतं.

ते आलं जपानच्या नीगाताहून. तिथल्या संशोधकांनी १९८८ मध्ये उंदरांच्या मूत्रपिंडातल्या गुच्छांविरुद्ध एक प्रतिपिंड तयार केलं. शिरेतून एकच इंजेक्शन दिलं आणि उंदरांच्या लघवीतून प्रथिनांचा लोट सुरू झाला. ते प्रतिपिंड नेमकं फटीवरच्या पडद्याला चिकटत होतं. म्हणजे तिथे काहीतरी आहे, ते झाकलं की गाळणी फुटते. त्याला नाव मात्र नव्हतं.

आता कार्ल त्रिग्वासन. हे फिनलंडच्या औलू विद्यापीठातले, पुढे स्टॉकहोमच्या कारोलिन्स्का संस्थेत गेलेले संशोधक आणि मूळचे मधल्या पटलाच्या पक्षातले. पटल ज्या कोलॅजनचं बनतं त्याचं जनुक बिघडलं की अल्पोर्टचा आजार होतो, मूत्रपिंडं जातात आणि कानही जातात, हे १९९० मध्ये सिद्ध करणाऱ्या चमूत ते होते. साहजिकच फिनिश बाळांतही पटलाचंच एखादं जनुक सापडेल अशी अपेक्षा. एकेक उमेदवार तपासला, एकेक बाद झाला. मग मार्यो केस्तिला आणि सहकाऱ्यांनी कुटुंबांतूनच माग काढला. आजारी मुलांत गुणसूत्रांचा कोणता भाग सारखा उतरतो? १९९४ मध्ये उत्तर आलं: एकोणिसाव्या गुणसूत्राचा एक पट्टा. नोरिओने शोधलेले लांबचे नातेसंबंध इथे कामी आले. जितक्या पिढ्या मधे गेल्या तितका तो सारखा तुकडा तुटत तुटत आखूड झालेला, म्हणून शोधायची जागाही तितकी लहान. अमेरिकेत लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत एकोणिसाव्या गुणसूत्राचा नकाशा बनतच होता, त्यांची मदत झाली. शेवटी सुमारे दीड लाख अक्षरांचा पट्टा पूर्ण वाचून काढला.

१९९८ मध्ये जनुक जाहीर झालं. त्यापासून बनणाऱ्या प्रथिनाला नेफ्रिन हे नाव दिलं. १२४१ अमिनो आम्लांची साखळी. पेशीच्या बाहेर प्रतिपिंडासारखे आठ मणी, नववा मणी फायब्रोनेक्टिनच्या घडणीचा, मग पेशीच्या आवरणातून आत शिरणारं एक आखूड शेपूट. ही घडण पाहताच ओळख पटली: हे तर पेशी जोडणाऱ्या प्रथिनांच्या गोतावळ्यातलं. फिनलंडच्या बहुतेक आजारी मुलांत एकच दोष होता. जनुकाच्या दुसऱ्या खंडातली दोन अक्षरं गळालेली. दोनच अक्षरं, पण डीएनएची भाषा तीन-तीन अक्षरांनी वाचली जाते; दोन गळाली की पुढचा सगळा मजकूर बडबड होतो आणि प्रथिन सुरुवातीलाच तुटतं. याला त्यांनी ‘फिन-मेजर’ म्हटलं. शेवटाकडे एका अक्षराच्या बदलाने अकाली पूर्णविराम येतो तो ‘फिन-मायनर’. या दोघांत फिनलंडमधले नव्वद टक्क्यांहून अधिक रोगी आटोपतात.

पुढच्याच वर्षी नेफ्रिनची जागा कळली. ते थेट फटीवरच्या पडद्यात होतं. एका पायातून निघालेलं नेफ्रिन समोरच्या पायातून आलेल्या नेफ्रिनला मध्यावर पकडतं, ही रोडवॉल्ड-कार्नोव्स्कींची १९७४ची चेन. आजारी मुलांत तो पडदाच नसतो. नीगाताच्या प्रतिपिंडाचं लक्ष्यही नेफ्रिनच निघालं. पटलाच्या माणसाने पडद्याच्या पक्षाला जिंकून दिलं, असं म्हणायला हरकत नाही. तरी वाद पुरता मिटला असं कुणी समजू नये. पटलातलं लॅमिनिन नावाचं एक प्रथिन बिघडलं तरी जन्मतः असाच आजार होतो हे २००४ मध्ये दिसलं. गाळणी एका थराची नाहीच.

त्यानंतर रांग लागली. सेंट लुइसमध्ये प्रतिकारशक्तीचा अभ्यास करणाऱ्यांनी टी-पेशींना चिकटायला मदत करणारं एक प्रथिन उंदरांतून काढून टाकलं. प्रतिकारशक्ती बिघडेल अशी अपेक्षा होती, उंदीर मेले मूत्रपिंडं जाऊन. ते प्रथिन पोडोसाइटच्या आतून नेफ्रिनच्या शेपटाला टेकू देतं हे तेव्हा, १९९९ मध्ये, उमगलं. २००० मध्ये पॅरिसच्या कोरिन आंतिन्याक यांच्या गटाने पोडोसाइटमधलं पोडोसिन हे प्रथिन शोधलं. २००९ मध्ये तर फळमाशीच्या रक्त गाळणाऱ्या पेशींवरही तसाच पडदा आणि नेफ्रिनचंच भावंड सापडलं. मूत्रपिंडात गाठी होण्याचा आजार, जो मूत्रपिंडाच्या आनुवंशिक आजारांत सर्वांत जास्त दिसतो, त्यातल्या पॉलिसिस्टिन-१ या प्रथिनाचाही पेशींच्या जोडणीशी संबंध आहे. पण ती कथा वेगळी आणि लांब.

फिनलंडच्या बाळांचं पुढे काय झालं, ते मला जनुकाच्या शोधाइतकंच महत्त्वाचं वाटतं. १९८०च्या दशकात हेलसिंकीच्या डॉक्टरांनी धाडसी मार्ग धरला. रोज शिरेतून अल्ब्युमिन, नळीने आहार. बाळ जरा अंग धरू लागलं की दोन्ही मूत्रपिंडं काढून टाकायची, पोटातून डायलिसिस करायचं आणि मग मूत्रपिंड बसवायचं. शंभर टक्के मरणारी मुलं शाळेत जाऊ लागली. पण काहींच्या नव्या, निरोगी मूत्रपिंडातूनही पुन्हा प्रथिनं जाऊ लागली. ती सगळी फिन-मेजरची मुलं होती. त्यांच्या शरीराने जन्मात कधी नेफ्रिन पाहिलंच नव्हतं. बसवलेल्या मूत्रपिंडातलं नेफ्रिन त्यांना परकं वाटलं आणि त्यांनी त्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवली. नीगाताच्या उंदरांत सुईने जे घडवलं होतं ते इथे आपोआप घडलं.

दुसरी गोष्ट गर्भजलाची. पोटातल्या आजारी बाळाच्या लघवीतूनही प्रथिनं गळतात, म्हणून गर्भजलात अल्फाफीटोप्रोटीन नावाचं प्रथिन वाढतं. १९७०च्या दशकापासून फिनलंडमध्ये यावरून निदान व्हायचं आणि गर्भपात व्हायचे. २००२ मध्ये, जनुक तपासता येऊ लागल्यावर, जुने नमुने पुन्हा पाहिले तेव्हा कळलं की त्यातले काही गर्भ आजारी नव्हतेच. एकच सदोष प्रत असलेले, आईबापांसारखेच वाहक होते. त्यांच्यातही काही काळ ते प्रथिन वाढतं आणि मग उतरतं. ती बाळं धडधाकट जन्मली असती.

मराठवाड्यात गर्भजल परीक्षा म्हटली की वेगळंच आठवतं. २०११च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. लिंगनिदान रोखणारा १९९४चा कायदा आनुवंशिक आजाराच्या तपासणीला परवानगी देतो, पण बदनामी एवढी झाली, की ज्या जोडप्याला ती खरोखर हवी तेही विचारायला बिचकतं. त्यात बोल लागतो तो बाईलाच. ‘सुनेच्या पोटी लेकरू टिकत नाही’ हे वाक्य ज्या घरात निघतं, तिथे दोन्हीकडच्या दोन प्रती लागतात हे समजावणं औषध लिहिण्याहून अवघड. चारांत एक, हेही उलटंच ऐकलं जातं: एक गेलं, आता तीन चांगली होतील. प्रत्येक खेपेला तोच धोका नव्याने असतो, हे सांगायला बाह्यरुग्ण विभागातली पाच मिनिटं पुरत नाहीत.

आणि प्रश्न केवळ मामेबहिणीचा नाही. २०१७ मध्ये भारतासह दक्षिण आशियातल्या २६३ समूहांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले ८१ समूह फिनिश लोकांहूनही थोड्या पूर्वजांतून वाढलेले निघाले. काहींची आजची संख्या दहा लाखांवर आहे. नात्यात लग्न केलं नाही, पण जातीतच केलं, एवढ्याने फिनलंडसारखी परिस्थिती तयार होते. नोरिओला सापडलेली ‘अनोळखी’ जोडपी आपल्या प्रत्येक वधू-वर मेळाव्यात बसलेली असतात. पत्रिका आणि कूळ पाहणारे आपण दोन पिढ्यांत लहानपणीच गेलेल्या लेकरांची चौकशी सोयरीक जुळवताना सहसा करत नाही.

घाटीत सूज घेऊन येणारं बहुतेक मूल मात्र फिनिश आजाराचं नसतं. ते दोन-सहा वर्षांचं असतं, आणि अशा दहांतल्या आठ-नऊ मुलांची सूज स्टेरॉइडने उतरते. या मुलांची जनुकं धड असतात, त्यांचं बिनसतं कशाने हे कित्येक वर्षं कोडं होतं. मे २०२४ मध्ये हॅम्बुर्गच्या गटाने त्याचं बरंचसं उत्तर दिलं: नेफ्रोटिक सिंड्रोमच्या मुलांपैकी ५२ टक्क्यांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्धची प्रतिपिंडं होती, आणि ज्यांचा आजार भरात असून औषध अजून सुरू झालेलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण ९० टक्के होतं. आजार उतरला की प्रतिपिंडंही उतरत होती. फिनलंडच्या बाळांना जन्मतः जे प्रथिन मिळालं नाही, त्याच प्रथिनावर या मुलांचं शरीर अधूनमधून हल्ला करतं. त्यामुळे स्टेरॉइड या मुलांना लागू पडतं आणि त्या बाळांना पडत नाही. ही रक्ततपासणी अजून साध्या लॅबमध्ये होत नाही. तोवर आजार पुन्हा उलटला की नाही हे पहिल्यांदा कळतं ते घरी, लघवीच्या पट्टीवर, आणि गोळ्या वाढवायच्या की थांबवायच्या हे डॉक्टर आईच्या त्या वहीवरूनच ठरवतात.